उतारावरचं घर पुरं करताना

भाताची झोडणी आणि दिवाळी आटोपली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतली कितीतरी कुटुंबं भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हंगामभर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्या या माणसांचं स्वतःचं घर बऱ्याचदा अर्ध्यावर थांबलेलं असतं. विटांच्या भिंती उघड्या, वर स्लॅब किंवा पत्रा, आत चोपलेला मुरूम, खिडकीच्या जागी गोणपाट. सरकारदरबारी घरकुलाचे हप्ते संपलेले असतात आणि घर अजून पुरं व्हायचं असतं.

राहिलेल्या कामांची यादी सगळीकडे सारखीच: गिलावा, जमीन, दारं-खिडक्या, वीज, न्हाणी, संडास, रंग. उतारावर घर असेल तर जोत्याखालच्या रिकाम्या जागेचं काय करायचं, हाही प्रश्न असतो. या कामांना किती पैसे लागतील, असं विचारलं की बोलणं लगेच टाइल्सच्या भावावर आणि रंगाच्या डब्यावर जातं. पण या दोन तालुक्यांत खर्चाचा आकडा दुकानात फारसा ठरत नाही. तो जमिनीचा उतार, पावसाचं पाणी, दारापर्यंतचा रस्ता आणि काम कोणत्या महिन्यात काढलं, यांवर ठरतो. टाइल्स त्यानंतर येतात.

आधी हातात किती आहे ते पाहू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये असा दर आहे. आपल्या गावाला यातला कोणता लागू आहे, हे पंचायत समितीत काम सुरू होण्याआधीच विचारून घ्यावं. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. संडासाचे १२ हजार वेगळे. अकुशल मजुरीचे ९० दिवस रोजगार हमीतून धरलेले आहेत. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने त्याचे २८ हजार ८० रुपये होतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्याकडून आणखी ५० हजारांची वाढ जाहीर केली, त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. कातकरी कुटुंबांसाठी पीएम-जनमन योजनेत घराचे २ लाख मिळतात. आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजनाही आहे.

आता १ लाख २० हजारांना २६९ ने भागलं, तर चौरस फुटाला ४४६ रुपये पडतात. या दरात शहरातला ठेकेदार नुसता सांगाडाही उभा करून देणार नाही. तेव्हा घरच्यांची मेहनत, गावातला माल आणि कामाचा शहाणा क्रम, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच घर पुरं होतं.

घर अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण सुरुवातीलाच घडतं, ते म्हणजे आकार. अनुदान २६९ फुटांचं आणि जोतं साडेचारशे फुटांचं, हे चित्र सर्रास दिसतं. मोठं घर हवं असणं चूक नाही. घरात माणसं असतात, भात असतो, पाहुणे असतात. पण वाढीव फुटामागे भिंतीचा, छताचा, गिलाव्याचा, जमिनीचा असा चारदा खर्च वाढतो. त्यापेक्षा २६९ फूट पुरे करून एक बाजू पुढे वाढवता येईल अशी ठेवणं स्वस्त पडतं. नकाशाचा आकारही पैसे खातो. पाच मीटर बाय पाच मीटर घराचा परीघ २० मीटर. तेच २५ चौरस मीटर दहा बाय अडीचच्या लांबट घरात बसवले तर परीघ २५ मीटर होतो. जागा तितकीच, पण बाहेरची भिंत आणि तिचा गिलावा सव्वापट. दोन भावांची घरं शेजारी शेजारी असतील तर मधली भिंत एकच ठेवावी, बचत लगेच दिसते. फक्त ती कोणाच्या जागेत आणि कोणाच्या पैशाने, हे लेखी असावं.

आता पाणी. जव्हारला वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे ३० चौरस मीटरच्या छतावरून एका पावसाळ्यात ७५ ते ९० हजार लिटर पाणी खाली येतं. पन्हाळ नसेल तर ते सगळं पागोळ्यांतून जोत्याच्या कडेला पडतं, मातीचा शिंतोडा भिंतीवर दीड-दोन फूट चढतो आणि जोत्याशी चर पडत जातो. घर पुरं करताना पहिला पैसा पन्हाळीवर आणि भोवतालच्या चरावर जावा, रंगावर नव्हे. हे काम दिसत नाही म्हणून ते शेवटी ढकललं जातं आणि मग बाकीची कामं दोनदा करावी लागतात.

उतारावर जागा करताना डोंगराची बाजू कापतात आणि मागची भिंत त्या कापाला जवळजवळ चिकटवून घेतात. दोन फूट जागा वाचते खरी. पण पावसाळ्यात डोंगरातलं पाणी त्या कापातून पाझरतं, भिंतीशी थांबतं आणि आत उपळ फुटते. मागे किमान तीन फूट मोकळी जागा, तिच्यात एका बाजूला उतार दिलेला चर आणि चराचं तोंड घरापासून लांब, एवढी तजवीज घरच्या माणसांच्या कुदळीने होते. ती राहिली तर दोन-तीन वर्षांत आतला गिलावा फुगतो, लोणा येतो, आणि गिलावा खरवडून पुन्हा करायचा खर्च पहिल्यापेक्षा जास्त येतो, कारण त्यात तोडायची मजुरीही असते. लोणा आलेल्या भिंतीवर पुट्टी किंवा वॉटरप्रूफ रंग लावून काही होत नाही. एक पावसाळा जातो आणि पापुद्रे निघतात. पाण्याची वाट आधी बाहेर बंद करावी, भिंत उन्हाळाभर सुकू द्यावी, मगच आत हात लावावा.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. दरवर्षी अंगणात माती-मुरूम टाकून टाकून अंगणच उंच होत जातं. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा काँक्रीटचा पट्टा असतो. अंगणाची माती त्याच्या वर गेली की ओल पट्ट्याला वळसा घालून सरळ विटांत शिरते. जुन्या घरात अचानक ओल दिसू लागली तर आधी फावड्याने अंगण खाली घेऊन पाहावं. फुकटातला उपाय आहे.

उतारावरच्या जोत्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे. समजा जमीन तीन फुटांना एक फूट उतरते आणि घर उताराच्या दिशेने सोळा फूट आहे. वरच्या बाजूला जोतं दीड फूट ठेवलं, तर खालच्या बाजूला ते जवळजवळ सात फूट होतं. सरासरी सव्वाचार फूट उंची धरली तर २६९ फुटांच्या घराच्या पोटात अकरा ब्रासच्या वर मुरूम लागतो, आणि तोही चोपून घट्ट केल्यावरचा. सपाट जमिनीवर दीड फूट जोत्याला चार ब्रास पुरतो. इथेच अनेकांच्या मनात येतं: एवढा मुरूम भरण्यापेक्षा खाली एक खोलीच का काढू नये? गाडी राहील, लाकूडफाटा राहील, जमलं तर भाड्यानेही जाईल.

कल्पना वाईट नाही, पण ती फुकटची खोली नसते. पहिला खर्च म्हणजे आणखी एक स्लॅब, कारण भरावावर टेकणारी घराची जमीन आता अधांतरी होते. दुसरा खर्च मागच्या भिंतीचा. ती आता साधी भिंत राहत नाही, डोंगर अडवणारी भिंत होते. मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. चार फुटांची भिंत आठ फुटांची केली तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचं हे काम नव्हे. इथे दगडी किंवा लोखंडी सळ्यांची काँक्रीटची भिंत लागते आणि ती अभियंत्याकडून काढून घ्यावी; त्याची फी भिंत कोसळण्यापेक्षा कमीच असते. मागे पाणी तुंबलं तर मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो. एक मीटर पाणी साचलं की भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला साधारण एक टन जोर येतो. म्हणून भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर, तळाशी भोकांचा पाइप, आणि भिंतीत दीड-दोन मीटरवर पाणी सोडणाऱ्या नळ्या हव्यातच. या नळ्यांतून पाणी बाहेर ठिबकतं, आपण अंगण घाण होतं म्हणून त्या सिमेंटने बुजवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोट येतं.

तिसरा खर्च खोदाईचा. वरचा तांबडा थर आणि मुरूम कुदळीने किंवा जेसीबीच्या बादलीने निघतो. खाली काळा पाषाण लागला की ब्रेकर लावावा लागतो आणि त्याचे पैसे तासावर मोजले जातात. खोली काढायची की नाही हे ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन खडक किती फुटांवर आहे ते पाहावं. शेजाऱ्याची विहीर खोदताना काय लागलं होतं, हे विचारलं तरी बरंच कळतं.

ज्यांचं जोतं आधीच भरलेलं आहे त्यांनी मात्र ते पोखरून खोली काढायच्या भानगडीत पडू नये. वरच्या भिंतींचा पाया त्या खोलीच्या हिशेबाने घेतलेला नसतो. भराव काढला की पाया उघडा पडतो आणि घर खचतं. इथे सल्ला देण्यासारखं दुसरं काही नाही: नको.

नियमही पाहायला हवेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत तळघर साठवणीसाठी, वाहनांसाठी, यंत्रसामग्रीसाठी आहे. राहायची खोली म्हणून नाही. जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत बांधकाम असेल तर परवानगीच्या नकाशात खालची जागा काय म्हणून दाखवली आहे हे तपासावं, नाहीतर भाड्याचं उत्पन्न राहील बाजूला आणि नोटीस येईल. गावात ग्रामपंचायतीकडे विचारावं. नियम बाजूला ठेवले तरी ज्या खोलीची एक भिंत डोंगराला टेकलेली आहे ती जुलै-ऑगस्टमध्ये दमट राहणारच. तिथे भात ठेवला तर बुरशी धरतो. अवजारं, लाकूडफाटा, मोटारसायकल, फार तर शेळ्या, एवढाच तिचा उपयोग धरून चालावं, आणि मग तिला टाइल्स, पुट्टी, रंग यांची काहीच गरज उरत नाही. जमिनीला कोबा, दोन बाजूंना आरपार जाळ्या, मागची भिंत आतून उघडी. ज्या खोलीवर कमी पैसे घालावेत अशी घरात एकच जागा असते, ती हीच.

वर येऊ. गिलाव्याचा हिशेब घरमालकाला स्वतःला करता यावा, कारण फसवणूक आणि नासाडी दोन्ही इथेच जास्त. आतला गिलावा साधारण अर्धा इंच, एकास सहा मालाचा. सांधे भरणं आणि वाया जाणं धरून शंभर चौरस फुटांना सिमेंटचं पाऊण पोतं आणि सव्वापाच घनफूट रेती लागते. बाहेरचा गिलावा दोन थरांत पाऊण इंच, एकास चार. त्याला शंभर फुटांना पावणेदोन पोती आणि आठ घनफूट रेती. म्हणजे बाहेरच्या भिंतीला फूटभरामागे आतल्यापेक्षा दुपटीहून जास्त सिमेंट जातं. पाच बाय पाच मीटरचं, दहा फूट उंचीचं, मध्ये एक भिंत असलेलं घर घेतलं तर आतून ९०० आणि बाहेरून ५८० फुटांच्या आसपास काम निघतं. सगळं मिळून सतरा पोती सिमेंट आणि एक ब्रास रेती. यापेक्षा कोणी फारच जास्त मागत असेल तर कारण विचारावं.

कारण बहुतेक वेळा भिंतीतच असतं. वीटकाम ओळंब्यात नसेल तर गवंडी भिंत सरळ दिसण्यासाठी गिलावा जाड करत जातो. आतला गिलावा सरासरी अर्ध्या इंचाचा पाऊण इंच झाला की याच घराला तीन-साडेतीन पोती सिमेंट जास्त जातं, आणि रेतीही तशीच वाढते. म्हणून वीटकाम चालू असताना रोज संध्याकाळी ओळंबा लावून बघणं ही गिलाव्यातली बचत आहे. वायरीच्या नळ्या आणि बोर्डाची खोकीही गिलाव्याआधीच बसवून घ्यावीत. मीटर यायला सहा महिने असले तरी. गिलावा झाल्यावर भिंत कापून नळी टाकायची म्हणजे तोडायची मजुरी, पुन्हा भरायची मजुरी, आणि भेगेची जागा कायमची.

पैसे सगळ्या बाहेरच्या गिलाव्याला पुरत नसतील तर चारही बाजूंना पातळ थर मारू नये. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस घराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला झोडपतो. त्या दोन भिंती पूर्ण जाडीच्या कराव्यात; पूर्वेची आणि उत्तरेची भिंत वर्षभर थांबू शकते. जुन्या घरांना हे नीट माहीत होतं. कारवीच्या कुडाची, शेणमातीने सारवलेली भिंत इथला पाऊस सोसायची ती खाली झुकलेल्या वळचणीच्या आणि पडवीच्या जोरावर. घरकुलाच्या चौकोनी स्लॅबला वळचण नसते, आणि पाऊस थेट भिंतीवर येतो. पश्चिमेला बांबू-पत्र्याची, कुडाची पडवी जोडली तर ती भिंतही राखते आणि चार महिने शेळ्या-सरपणाला आडोसाही मिळतो. पक्क्या घराला कुड जोडणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. पैशाच्या हिशेबात मात्र तो सर्वांत फायद्याचा तुकडा आहे.

स्लॅबचंही तसंच. सपाट स्लॅबला विटांच्या तुकड्यांचा उतारी कोबा हा चांगला इलाज, पण तो जड आणि महाग. स्लॅबवर पत्र्याची शेड उभी केली तर गळती थांबते, घर उन्हाळ्यात कमी तापतं आणि वर भाताची कणगी, पेंढा ठेवायला कोरडी जागा होते. पत्रे मात्र हुकने घट्ट धरलेले हवेत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा नुसते दगड ठेवून दाबलेल्या पत्र्यांचा काय भरवसा, हे जिल्ह्याने पाहिलं आहे. पत्रा उडाला तर पत्र्याचेच पैसे जात नाहीत, खाली नुकतंच केलेलं कामही भिजतं.

गिलाव्याला, कोब्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, स्लॅबला त्याहून जास्त. एरवी ही साधी सूचना, पण मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यालाच टँकरची वाट बघावी लागते. मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, ही गोष्ट वेगळी. मे महिन्यात उरकलेला, पाणी न मिळालेला गिलावा बोटाने घासला तर रेती सुटते. त्यावर कितीही रंग चढवला तरी तो पावसाळ्यात टिकत नाही. भट्टीवरून पैसे आणि माणसं परत येतात ती नेमकी याच दिवसांत, म्हणून काम मेमध्येच निघतं. कामाचा खरा काळ भातकापणीनंतरचा, नोव्हेंबर ते जानेवारी. पाऊस गेलेला असतो, विहिरीला पाणी असतं, ऊन कडक नसतं. भट्टीवर जाण्याआधी मिळणारी उचल हातात आल्यावर गिलाव्याचा एक भाग उरकून, आठ दिवस पाणी मारून मग निघणं अनेकांना जमण्यासारखं आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मेमध्ये गिलावा न करता दारं-खिडक्या, पन्हाळ, चर, पत्रे अशी पाणी न मागणारी कामं काढावीत. भिजवलेलं गोणपाट भिंतीवर सोडलं की पाणी कमी लागतं, तेही ध्यानात ठेवावं.

रस्ता हा पुढचा खर्च. या भागात माल एक तर नाशिक-त्र्यंबकेश्वरकडून मोखाड्यावरून येतो, नाहीतर मनोर-विक्रमगडकडून घाट चढून जव्हारला. मोठी गाडी मुख्य रस्त्यावर थांबते; तिथून पिकअप किंवा ट्रॅक्टर, आणि पाड्यापर्यंत रस्ताच नसेल तर डोक्यावरून. प्रत्येक चढउतारात हमाली वाढते, विटा फुटतात, टाइल्सचे कोपरे उडतात. दुकानातला भाव विचारताना नेहमी ‘पाड्यावर पोच’ असा विचारावा आणि दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी भरावी. सरकारच्या २०२५ च्या वाळू धोरणानुसार घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. ती दारात आणायचं भाडं मात्र वेगळं धरावं लागतं, आणि लांबच्या घाटावरून येणार असेल तर ते भाडं आणि जवळच्या क्रशरची धुतलेली क्रश सँड यांची तुलना करावी. ओली रेती ब्रासवर घेऊ नये. थोडी दमट रेती फुगते, तिचं माप वीस-तीस टक्क्यांनी जास्त भरतं. ब्रासचे पैसे देऊन पाऊण ब्रासच हाती येते.

सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून काहींनी घाईने पोती भरून ठेवली. साठवलेलं सिमेंट तीन महिन्यांत ताकदीचा पाचवा हिस्सा सहज गमावतं, आणि इथल्या पावसाळी हवेत त्याहूनही लवकर. जितकं आठवड्यात लागेल तितकंच आणावं. पोतं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली फळ्या, वर प्लास्टिक.

जमिनीबाबत मतं वेगळी असू शकतात. व्हिट्रिफाइड टाइल्स आता गावोगाव मिळतात आणि चकाकतात. पण त्यांच्याखाली चोपलेला मुरूम, दगडी सोलिंग आणि चार इंची काँक्रीट नसेल तर वर्षात टाइल पोकळ वाजू लागते. शिवाय हे घर शेतकऱ्याचं: चुलीची धग, उखळाचे घाव, भाताची पोती ओढणं. ओट्यावर आणि चुलीच्या खोलीत शहाबादी फरशी किंवा घोटलेला कोबा जास्त टिकतो, पाय घसरत नाही, आणि तुटला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. हौस पुरवायची तर ती बैठकीच्या खोलीत पुरवावी. तळाच्या थरावर काटकसर करून वर महाग टाइल लावणं हा या भागातला सर्वांत सामान्य तोटा.

रंगाला घाई नसते. नवा गिलावा नीट सुकायला महिनाभर जातो. चुन्याची सफेदी स्वस्त पडते आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देते, ऑइल पेंट ती आत कोंडतो. गेरू आणि तांदळाच्या पिठाचं चित्र मिरवणारा वारली मुलूख हा. भिंत कशी सजवायची हे इथे कोणी शिकवायला नको.

संडासाच्या बाबतीत १२ हजारांतला मोठा भाग खड्ड्यात जातो, आणि खडक उथळ असेल तर सगळाच. दोन शोषखड्ड्यांचा संडास चांगला, पण खड्डे विहिरीच्या किंवा झऱ्याच्या वरच्या अंगाला मुळीच नकोत. उतारावर पाणी कुठून कुठे झिरपतं हे पाहून जागा ठरवावी, मग ती घरापासून वीस पावलं लांब गेली तरी चालेल.

गवंड्याशी बोलणी रोजावर करायची की चौरस फुटावर? काम छोटं, तुकड्यातुकड्यांचं असेल तर रोज. गिलाव्यासारखं मोजता येणारं असेल तर फुटाचा दर. दर ठरवताना माल कोणाचा, परात-घमेली-फळ्या कोणाच्या, पाणी कोण आणणार, बिगारी कोणाचा, हे बोलून घ्यावं. निम्मी भांडणं पाण्यावरून होतात. मोजमापात दार-खिडक्यांची वजावट कशी धरायची तेही आधीच ठरवावं. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघडीपीची वजावट करत नाहीत, अर्ध्या ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची करतात, कारण दुसऱ्या बाजूची बचत कडा घडवण्यात जाते, अशी भारतीय मानकातली रीत आहे. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. उचल कामाच्या पुढे जाऊ देऊ नये. एका बाजूची भिंत झाली की तिचे पैसे, आणि छत-पन्हाळीच्या कामातले थोडे पैसे पहिला मोठा पाऊस पडून गळती तपासून झाल्यावर द्यायचे, हेही त्याच चिठ्ठीत आणि त्याच वेळी.